सात टंच

विट्यात, एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर
माझी खोली. दोन खुर्च्या, एक इन्व्हर्टर.
खाली कुणाचे ना कुणाचे सातबारे निघत असतात,
वर मी संकेतस्थळांची पत मोजते.

संपतनाना निकम जिना चढून आले, लेंगऱ्याचे.
चाळीस वर्षं सेलमला गलाई.
बोटांची टोकं तेजाबानं इतकी गुळगुळीत
की फोन अंगठा ओळखत नाही, आकडे टाकून उघडतात.
नातवानं साइट करून दिलीय. कुणालाच सापडत नाही.

"किती आलं?"
"सात."
"कशापैकी?"
"शंभरापैकी."
"सात टंच!" नाना हसले. "तांबंच की गं मग ते."

मी पहिल्या नंबरचं पान उघडून दाखवलं.
गलाई म्हणजे काय, बारा मुद्द्यांत.
चित्रातली मूस म्हणजे चक्क पितळी खलबत्ता.
नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला लावलं.
"ह्याला किती?"
"चौसष्ट."

यंत्र सोनं घासून बघत नाही, नाना.
त्याला तेजाबाचा वासही येत नाही.
ते एवढंच विचारत फिरतं, तुमचं नाव कोण घेतं,
आणि जो घेतो त्याचं नाव कोण घेतं,
आणि त्याचं कोण
(इथं मला दर वेळी धाप लागते).

वाटलं, चिडतील.
"बराबर हाय की," म्हणाले.
"चौदाव्या वर्षी गेलो. खिशात चिठ्ठी.
शेठनं आधी खालची सही बघितली,
मग चिठ्ठी,
मग मला. तेबी अर्धंच."
सही भाळवणीच्या तुकाअण्णांची होती.
अण्णा वर्षाला दोनच चिठ्ठ्या देत.
"आणि आमच्यातलाच एक होता, नाव नको,
रुपयाला एक चिठ्ठी द्यायचा.
तिसऱ्या वर्षी त्याचं अक्षर दिसलं
की दारं लागायची. खऱ्या पोरांचीबी."

मी मुकाट्यानं पडद्यावरची एक खिडकी मिटली.
पाचशे दुवे, अडीच हजारांत, पंधरा दिवसांत.
घ्यायचे का, हेच विचारणार होते आज.

"चिठ्ठीनं दार उघडतंय, पोरी.
मूस पुढं आपल्यालाच तापवावी लागती."
खरंय. पण दारच उघडलं नसतं तर?
हे मी बोलले नाही.
त्याच गावांतून बिनचिठ्ठीची पोरंही गेली असतील,
नानांइतक्याच हाताची, एखादा जास्तच.
ती कितव्या पानावर आहेत
हे विचारायला कोणत्या शब्दांनी शोधायचं?

मग पिशवीतून वही निघाली. रेक्झिनची, तेलकट.
नानांनी स्वतः दिलेल्या चिठ्ठ्या, चाळीस वर्षांत सव्वीस.
त्रिचूरला कोण, गुंटूरला कोण,
एकजण पार सिलिगुडीला.
सगळे बाण बाहेर जाणारे.
आत येणारा एकही नाही, आणि नानांना
ते आजवर खटकलंही नव्हतं.

दोन दिवस मी फोन लावत बसले.
अकरा नंबर बंद. एकावर कुरिअरवाला.
गुंटूरच्या सुनेनं विचारलं, "निकम म्हणजे कोण?"
मागून म्हातारा आवाज आला,
"फोन इकडं आण आधी."

महिन्यानं आकडा आठ झाला.
नाना म्हणाले, "वाढला म्हणायचं."
बंडीच्या खिशातून माझी फी काढली, रोख.
बोटाला थुंकी लावून दोनदा मोजली,
पुढं सरकवली,
आणि म्हणाले, "तूबी मोज."